पंचीकरण, जौहर आणि अणू : अणुसिद्धांताचा विकास आणि बीड जिल्ह्यातील पदार्थविचाराची परिभाषा

प्रस्तावना :

विज्ञान शाखेच्या वर्गात अणुसिद्धांताचा इतिहास शिकविताना एक ठरावीक क्रम पाळला जातो. आरंभी कणाद आणि डेमॉक्रिटस यांची नावे पाठोपाठ घेतली जातात. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षे ओलांडून जॉन डाल्टन येतो आणि पुढे थॉमसन, रुदरफोर्ड, बोर अशी मालिका सुरू होते. या क्रमात दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे कणादांचा परमाणू आणि डाल्टनचा अणू यांच्यात नेमका फरक काय, हे स्पष्ट होत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणून अभिमान बाळगणारा आणि 'आमच्याकडे काहीच नव्हते' असे म्हणून हिणवणारा, असे दोन्ही पक्ष एकाच अज्ञानावर उभे राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे हा इतिहास ज्या भूमीत शिकविला जातो, तेथील लोक पदार्थाविषयी कोणत्या शब्दांत बोलत आले, याचा विचारच होत नाही.

बीड जिल्ह्यापुरते पाहिले तर पदार्थरचनेची किमान तीन परिभाषा या जिल्ह्यात नांदून गेल्या आहेत. एक अंबाजोगाईच्या संतकवींची वेदान्ती परिभाषा, दुसरी निजाम राजवटीतील उर्दू शिक्षणाची आणि तिसरी आज प्रचलित असलेली मराठी विज्ञानाची. प्रस्तुत निबंधात या तीन परिभाषांच्या आधारे अणुसिद्धांताचा विकास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अणू हा शब्द किंवा 'सूक्ष्म कण' ही कल्पना म्हणजे अणुसिद्धांत नव्हे. वजनाच्या मोजमापाने ती कल्पना बांधली गेली तेव्हा सिद्धांत जन्मास आला, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे. पद्धती ऐतिहासिक व तुलनात्मक आहे.

अंबाजोगाईची पासोडी :

अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील आद्य स्थानांपैकी एक. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते. त्यांचा काळ आणि स्थळ यांविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी परंपरेने हा ग्रंथ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्यानंतर सुमारे चार शतकांनी याच गावी दासोपंत (१५५१–१६१५) होऊन गेले. सव्वा लाख ओव्यांच्या 'गीतार्णवा'मुळे ते प्रसिद्ध आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची पासोडी अधिक महत्त्वाची आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला. कागदाऐवजी पासोडीवर लिहिलेला ग्रंथ म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या कापडावर काय लिहिले आहे, याची चौकशी विज्ञानाचे अध्यापक सहसा करीत नाहीत. तिचा विषय आहे पंचीकरण. म्हणजे बीड जिल्ह्यातील सर्वांत विख्यात हस्तलिखित हे जग कोणत्या घटकांचे, कोणत्या प्रमाणात बनले आहे, याविषयी आहे.

पंचीकरणाचा सिद्धांत थोडक्यात असा. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच भूते मुळात सूक्ष्म असतात. त्या अवस्थेत ती इंद्रियांना जाणवत नाहीत. स्थूल जग निर्माण होताना प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन समान भाग होतात. एक अर्धा भाग तसाच राहतो आणि दुसऱ्या अर्ध्याचे चार समान भाग होऊन ते उरलेल्या चार भूतांना वाटले जातात. याचा अर्थ, आपण जिला माती म्हणतो त्या स्थूल पृथ्वीत एक द्वितीयांश पृथ्वी आणि आप, तेज, वायू, आकाश हे प्रत्येकी एक अष्टमांश असतात. अर्धा अधिक चार अष्टमांश, बेरीज एक. हिशेब चोख आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'पंचीकरण' प्रकरणापासून विद्यारण्यांच्या 'पंचदशी'पर्यंत आणि पुढे मराठी संतांपर्यंत हीच मांडणी चालत आली.

रसायनशास्त्राच्या अध्यापकाला येथे थबकल्यासारखे होते. स्थिर प्रमाण, अपूर्णांक, घटकांचा संयोग, हे सर्व शब्द ओळखीचे आहेत. 'दासोपंतांनी स्थिर प्रमाणाचा नियम सांगितला होता' असे वाक्य लिहिण्याचा मोह येथूनच सुरू होतो. तो आवरला पाहिजे. पंचीकरणातील अर्धा आणि अष्टमांश हे कशाचे? वजनाचे नव्हेत, आकारमानाचेही नव्हेत. सूक्ष्म भूत वेगळे काढून दाखविता येत नाही, त्यामुळे त्याचा अष्टमांश तोलून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे प्रमाण इंद्रियानुभवाची उकल करण्यासाठी आहे. शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध हे गुण एकमेकांत मिसळलेले का आढळतात आणि तरीही प्रत्येक वस्तूत एखादा गुण प्रधान का असतो, याचे ते उत्तर आहे. अंतिम हेतू तर याहून वेगळा आहे. देह हा पाच भूतांचा जुडगा आहे, म्हणून तो 'मी' नव्हे, हे साधकाच्या मनावर ठसविणे. दासोपंत रसायनशास्त्र लिहीत नव्हते. त्यांना डाल्टनच्या तराजूत घालणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि डाल्टनवरही.

शिवाय हा विचार अणुवादी नाहीच. उलट वेदान्ताने अणुवादाचा स्पष्ट प्रतिवाद केला आहे.

आव्यातले मडके आणि परमाणू :

अणुवाद भारतात होता, तो वैशेषिक दर्शनात. कणादांच्या सूत्रांचा काळ निश्चित नाही. अभ्यासक तो बहुधा इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत ठेवतात. परमाणूंपासून स्थूल वस्तू कशी बनते, याची तपशीलवार मांडणी प्रशस्तपादांच्या 'पदार्थधर्मसंग्रहा'त म्हणजे साधारणपणे सहाव्या शतकातील ग्रंथात मिळते. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार द्रव्यांचे परमाणू असतात. आकाश परमाणुमय नाही. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक होते. त्र्यणुक हा डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरपेत जे धूलिकण तरंगताना दिसतात, ते त्याचे उदाहरण. त्यालाच त्रसरेणू असेही नाव आहे. हा शब्द पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

या दर्शनातील सर्वांत जिवंत वाद देवघरातील नव्हे, कुंभारवाड्यातील आहे. काळे मडके आव्यात भाजले की लाल होते. हा रंगबदल कोठे घडतो? वैशेषिकांचे म्हणणे असे की अग्नीच्या संयोगाने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, प्रत्येक परमाणूचा रंग पालटतो आणि ते परमाणू पुन्हा जुळून लाल मडके तयार होते. याला पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिकांना हे पटत नाही. मडके जर परमाणूंपर्यंत विस्कटत असते तर त्यावर ठेवलेले दुसरे मडके खाली पडले असते. आणि भाजून निघालेले मडके तेच आहे, हे आपण ओळखतो कसे? म्हणून मडके अखंड राहते आणि अग्नीचे सूक्ष्म कण त्याच्या छिद्रांतून आत शिरून सगळ्याच मडक्याला भाजतात, असा पिठरपाकवाद त्यांनी मांडला. रासायनिक बदलाविषयीचा हा खरा, कसदार वाद आहे. लोहयुक्त मातीत भट्टीच्या उष्णतेने व प्राणवायूने काय घडते, हे आज आपण जाणतो. त्या वेळी दोन्ही पक्षांजवळ तर्क होता, निरीक्षणही होते. परंतु आव्यात जाण्यापूर्वीचे आणि नंतरचे मडके तोलून पाहावे, असे कोणाला सुचल्याचा उल्लेख या वादात नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात या परमाणुवादावर घेतलेला आक्षेप तितकाच भेदक आहे. परमाणूला अवयव नाहीत असे म्हणता, मग दोन परमाणू जुळतात कसे? संपूर्ण परमाणू संपूर्ण परमाणूला भिडला तर दोघांची जागा एकच होईल आणि आकार वाढणार नाही. एका बाजूने भिडला म्हणाल तर परमाणूला बाजू, म्हणजेच अवयव, आले. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देण्यासाठी अणूला अंतर्गत रचना आहे हे मान्य करावे लागते, आणि ते विसाव्या शतकात झाले. मराठी संतपरंपरा वेदान्ताच्या बाजूची असल्यामुळे अंबाजोगाईत पासोडी लिहिली गेली ती पंचीकरणाची, परमाणूंची नव्हे. दासोपंतांच्या हयातीतच फ्रान्समध्ये प्येर गासेंदी (१५९२–१६५५) जन्मला आणि त्याने पुढे एपिक्युरसच्या ग्रीक अणुवादाचे पुनरुज्जीवन केले. पण गासेंदीजवळही तराजू नव्हता. सतराव्या शतकापर्यंत युरोप आणि मराठवाडा या बाबतीत फारसे दूर नव्हते.

तराजूचा प्रवेश :

अंतर पडले ते त्यानंतर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लव्हाझियेने बंद पात्रात प्रयोग करून, प्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे वजन सारखेच भरते, हे दाखविले. त्याचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. जोसेफ प्रूस्त याने ताम्र कार्बोनेट निसर्गात सापडलेले असो वा प्रयोगशाळेत केलेले, त्यातील घटकांचे वजनी प्रमाण बदलत नाही, असे सिद्ध केले. बर्तोले याने त्याला अनेक वर्षे विरोध केला. त्या वादाच्या निमित्ताने पदार्थ पुन्हा पुन्हा तोलले गेले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी बीडपासून फार दूर नसलेल्या, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणात वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर चारच आठवड्यांनी, २१ ऑक्टोबर १८०३ रोजी, मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टन याने पाण्यात वायू किती विरघळतात या विषयावर निबंध वाचला. १८०५ साली तो छापला गेला तेव्हा त्याच्या अखेरीस कणांच्या सापेक्ष वजनांची एक छोटी सारणी होती. हायड्रोजन १, नायट्रोजन ४.२, कार्बन ४.३, ऑक्सिजन ५.५, पाणी ६.५. अणुसिद्धांताचा जन्म कोठे झाला असे विचारले तर या सारणीकडे बोट दाखवावे लागते.

डाल्टन हा विणकराचा मुलगा. त्याचा मूळ व्यासंग हवामानाचा. १७८७ पासून १८४४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हवेची रोजनिशी ठेवली. पाऊस किती पडला, वायुभारमापक किती दाखवतो, आर्द्रता किती, हे तो रोज लिहीत असे. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पर्जन्यमापकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. परंतु अणुसिद्धांताची वाट त्या पर्जन्यमापकापासून सुरू झाली, हे आपण वर्गात क्वचितच सांगतो. जड व हलके वायू हवेत थराथराने वेगळे न होता एकजीव का राहतात, या हवामानाच्या प्रश्नातून डाल्टन कणांच्या वजनाकडे वळला.

त्याच्या युक्तिवादाचा गाभा समजावून घेण्यासाठी परळीचा कोळसा पुरेसा आहे. (परळीच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा शुद्ध कार्बन नसतो, हे तेथील राखेचा प्रश्न अनुभवणाऱ्या वाचकाला सांगायला नको. आपण त्यातील कार्बनापुरतेच बोलू.) १२ ग्रॅम कार्बन भरपूर हवेत जळला तर तो ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली तर तोच १२ ग्रॅम कार्बन १६ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड देतो. १६ आणि ३२, म्हणजे एक आणि दोन. मध्ये कुठे २१ किंवा २७ घेणारे तिसरे संयुग बनत नाही. पदार्थ जर सलग असता, भिजवलेल्या कणकेसारखा हवा तेवढा तोडता आला असता, तर ही उडी पडली नसती. पूर्णांकांची ही उडी दिसते, कारण ऑक्सिजन मोजून एक किंवा दोन अशाच नगांनी येतो. हाच गुणित प्रमाणाचा नियम. पंचीकरणातील अष्टमांश ग्रंथातून तराजूपर्यंत कधी पोचला नाही. डाल्टनचे एक आणि दोन मात्र तराजूतून ग्रंथात आले. दोहोंतील भेद एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

दोन शब्दांसाठी एक परिषद :

डाल्टनची आकडेवारी चुकीची होती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पाण्याच्या कणात हायड्रोजन एक आणि ऑक्सिजन एक, असे त्याने गृहीत धरले, कारण त्याला निसर्गात साधेपणा अपेक्षित होता. मापेही स्थूल होती. आज आपण ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६ मानतो. परंतु सारणी चुकली म्हणून सिद्धांत कोसळला नाही, उलट ती दुरुस्त करता आली. चूक दाखविता येणे हीच तर आकड्याची खुबी.

ही दुरुस्ती व्हायला मात्र अर्धे शतक लागले, आणि अडचण प्रामुख्याने शब्दांची होती. १८०८ साली गे-ल्युसॅकने वायू साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात, असे दाखविले. १८११ साली इटलीतील आवोगाद्रोने, समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात कणांची संख्या समान असते, असा विचार मांडला. मात्र त्यासाठी ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्याचा मुक्त कण दोन अणूंचा जोड आहे, हे मानणे आवश्यक होते. डाल्टनला ते मान्य नव्हते. एकाच जातीचे अणू एकमेकांना चिकटतील कशासाठी, हा त्याचा प्रश्न होता. परिणामी, प्रक्रियेत भाग घेणारा लहानात लहान कण आणि स्वतंत्र राहू शकणारा लहानात लहान कण, या दोन वेगळ्या गोष्टींना रसायनज्ञ एकाच नावाने संबोधत राहिले. एकाच संयुगासाठी अनेक सूत्रे लिहिली जाऊ लागली.

अखेर ३ ते ५ सप्टेंबर १८६० या काळात जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे केकुले, वेल्झीन आणि व्युर्त्स यांच्या पुढाकाराने सुमारे १४० रसायनज्ञ एकत्र जमले. विषयपत्रिकेवर होते ॲटम आणि मॉलिक्यूल या शब्दांच्या व्याख्या. परिषदेत एकमत झाले नाही. तथापि निरोपाच्या वेळी कानिझारो याची १८५८ सालची पुस्तिका वाटण्यात आली. तिच्यात आवोगाद्रोच्या आधारे अणुभारांची सुसंगत मांडणी होती. तेथे उपस्थित असलेला तरुण मेंडेलीव्ह याच अणुभारांच्या जोरावर १८६९ साली आवर्त सारणीपर्यंत पोचला. युरोपलाही हे दोन शब्द वेगळे करण्यासाठी परिषद भरवावी लागली, हे लक्षात ठेवले म्हणजे आपल्या परिभाषेचा प्रश्न किरकोळ वाटत नाही.

जौहर आणि सालमा :

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला स्थान असले तरी वरच्या शासकीय शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. सर्व शाखांचे उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देणारा तो देशातील पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी १९१७ सालीच 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला होता. त्याची धुरा आरंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था त्या काळात आपल्या शेजारच्या औरंगाबादेतून, आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, काम करीत असे.

या विभागाने अणूसाठी 'जौहर', रेणूसाठी 'सालमा', मूलद्रव्यासाठी 'उन्सुर' आणि संयुगासाठी 'मुरक्कब' हे शब्द रूढ केले. जौहर या शब्दाला मोठा इतिहास आहे. फारसीतील 'गौहर' म्हणजे रत्न, त्याचे अरबी रूप जौहर. मराठी बाजारपेठेतील 'जवाहीर' हे त्याचेच अनेकवचन. इस्लामी धर्मशास्त्राच्या अश्अरी पंथात अविभाज्य कणाला 'जौहर-ए-फर्द' म्हणत. त्यांच्या मते जग अशा कणांचे असून ईश्वर ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो. म्हणजे जौहरच्या पाठीशी एक स्वतंत्र अणुवाद उभा होता, जसा परमाणूच्या पाठीशी वैशेषिकांचा. हा शब्द निवडणाऱ्यांनी परंपरेतील नेमका अणुवादी शब्द शोधून काढला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

योगायोग असा की अविभाज्यतेचा हा शब्द पाठ्यपुस्तकात येत असतानाच अणू विभाज्य ठरत होता. रुदरफोर्डने नायट्रोजनच्या केंद्रकावर अल्फा कणांचा मारा करून त्यातून हायड्रोजनचे केंद्रक बाहेर काढल्याचे निबंध १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी उस्मानियाचे पहिले वर्ग भरले. माध्यम उर्दू असल्याने विद्यार्थी आधुनिक विज्ञानापासून वंचित राहिले, असा एक समज आहे. उस्मानियाचेच विद्यार्थी असलेले रझीउद्दीन सिद्दीकी पुढे लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्याकडे संशोधन करून परतले आणि उस्मानियात अध्यापन करू लागले, हे उदाहरण तो समज तपासून पाहण्यास पुरेसे आहे. तथापि दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. घरी मराठी बोलणाऱ्या बीडच्या मुलाला ही भाषा निवडण्याचा अधिकार नव्हता. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांच्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एका रात्रीत जौहर सोडून ॲटमकडे यावे लागले असणार. परिभाषेचा इतिहास हा अशा रीतीने सत्तेचाही इतिहास असतो.

पोलीस कारवाईनंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले, इंग्रजी आले. बीडचा शैक्षणिक संबंध हैदराबादकडून, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाकडे वळला. १९४८ साली मॅट्रिकच्या वर्गात असलेला विद्यार्थी आज नव्वदीच्या पुढे आहे. त्या पिढीच्या विज्ञानाच्या वह्या आणि क्रमिक पुस्तके जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत कोठे असतील तर ती रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मिळविली पाहिजेत. संतांच्या पोथ्यांविषयी आपण जेवढे जागरूक आहोत, तेवढे या वह्यांविषयी नाही.

अणूचे अंतरंग :

अणूच्या रचनेचा पुढील इतिहास वाचकांच्या परिचयाचा असल्याने येथे थोडक्यात घेतो. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. धन प्रभाराच्या गोळ्यात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचे त्याचे प्रारूप 'प्लम पुडिंग' म्हणून ओळखले जाते. बीडच्या विद्यार्थ्याने हा पदार्थ पाहिलेला नसतो, म्हणून आपण कलिंगड आणि त्यातील बिया सांगतो. ते अधिक चपखलही आहे. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले तेव्हा हजारो कणांतून एखादा कण उलट फिरत असल्याचे आढळले. कलिंगडात असे काहीही कठीण नाही की ज्यावर आपटून कण मागे यावा. त्यावरून १९११ साली रुदरफोर्डने केंद्रकाची कल्पना मांडली. १९१३ साली बोरने कक्षांचे प्रारूप दिले. त्याच वर्षी मोज्ले याने क्ष-किरणांच्या मोजमापातून अणुक्रमांक हा केवळ सारणीतील अनुक्रम नसून केंद्रकाच्या प्रभाराचे माप आहे, असे दाखविले. दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचे वय अवघे २७ होते. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला.

एक गोष्ट मात्र नोंदवावी लागते. शंकराचार्यांचा आक्षेप, 'निरवयव कण जुळतील कसे', हा डाल्टनलाही लागू होता. त्याच्याजवळही उत्तर नव्हते. त्याने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि तोलण्याचे काम चालू ठेवले. बाह्य कक्षेतील इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण किंवा भागीदारी म्हणजे बंध, हे उत्तर १९१६ मध्ये कोसेल व लुईस यांच्या लेखनातून आले. अणू जुळतात, कारण त्यांना अवयव आहेत. आक्षेप बरोबर होता. त्यावरून काढलेला 'म्हणून परमाणू नाहीत' हा निष्कर्ष तेवढा टिकला नाही.

अणू की परमाणू :

आज बीडमधील मराठी माध्यमाचा विद्यार्थी ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतो. हिंदीत मात्र ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने हीच हिंदी परिभाषा प्रमाण मानली. त्यामुळे तुर्भ्याची एकच संस्था मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र ठरते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांच्या वेळी मराठी वृत्तपत्रांनी अणुचाचणी लिहिले आणि हिंदीने परमाणु परीक्षण. स्पर्धा परीक्षांची तयारी हिंदी पुस्तकांवरून करणारा आपला विद्यार्थी 'अणु' या एकाच शब्दाचे दोन अर्थ डोक्यात बाळगतो. 'जल का अणु' हे वाचून पाण्याला मूलद्रव्य समजणारी उत्तरपत्रिका प्रस्तुत लेखकाने तपासली आहे. कार्ल्सरूहेची अडचण अशी दीडशे वर्षांनंतरही आपल्या वर्गात हजर असते.

यात चूक कोणाची, हा प्रश्न निरर्थक आहे. हिंदीने वैशेषिकांचा परमाणू घेऊन त्याच्यापेक्षा मोठ्या कणाला अणू म्हटले. द्व्यणुकाचे परिमाणही अणूच मानले जात असल्याने त्याला शास्त्राधार आहे. मराठीने अणूला मूळ कण मानून मोठ्या कणासाठी रेणू घेतला. धूळ असा अर्थ असलेल्या या शब्दामागे त्रसरेणूची आठवण आहे आणि त्रसरेणू परमाणूंचा समूह असल्याने तेही सयुक्तिक आहे. मराठीच्या जोडीत एक व्यावहारिक सोय अधिक दिसते. अणू आणि रेणू हे दोन शब्द ऐकताना एकमेकांत मिसळत नाहीत. परमाणु आणि अणु मिसळतात.

आणि जौहर संपलेला नाही. महाराष्ट्राचे पाठ्यपुस्तक मंडळ उर्दू माध्यमाचीही पुस्तके काढते, त्यांत आजही जौहर आणि सालमा हेच शब्द आहेत. बीड शहरात एका शाळेच्या फळ्यावर 'अणूची संरचना' लिहिलेले असते, तेव्हा दुसऱ्या शाळेच्या फळ्यावर 'जौहर की साख्त' असते. दोन्ही वर्गांतील मुले पुढे अकरावीच्या एकाच बाकावर येऊन बसतात आणि अध्यापक इंग्रजी पुस्तक उघडून ॲटम हा शब्द उच्चारतो. त्या वेळी मागच्या बाकावरील कोणाच्या मनात त्याचे कोणत्या भाषेत रूपांतर होते, हे अध्यापकाने विचारून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.